सकीनाबीच्या ताशाची उसंत

लग्नसराई लागली की मला सकाळी सातलाच दुकान उघडावं लागतं. मंडप, खुर्च्या, मोठी पातेली, दिव्यांच्या माळा, जनरेटर. जालन्यात लग्न काढलं की माणूस एकदा तरी माझी पायरी चढतो. मी कुणाच्या जिवावर उभा राहिलो नाही आणि बोलीत माझ्याकडून कुणी सहज काही सोडवून नेलं नाही. माझा एकच नियम आहे. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. तो चुळबुळतो, घसा खाकरतो आणि शेवटी स्वतःच बोलून बसतो. जो आधी बोलला तो उतरला.

हा नियम मला एका बाईनं शिकवला. तिनं तो भावतावासाठी शिकवलाच नव्हता.

संध्याकाळी दुकानासमोरून वरात जाते. ट्रॉलीवर डीजेचे कपाटाएवढे डबे रचलेले असतात, त्यांच्या दणक्यानं माझ्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरतं. कामावरची पोरं दारात जाऊन उभी राहतात. मी आतच बसतो आणि टेबलाच्या कडेवर बोटं टेकवतो. त्या दणक्याला कुठं उसंत नसते, तो आपला चाललेला असतो. पण त्याच्या खालून मला एक ताशा ऐकू येतो. कडकडत चढत जातो आणि एका जागी थांबतो, पापणी लवायला लागेल तेवढाच. मी बोट उचलून धरतो. त्या थांबण्याच्या पलीकडं बोटाचा ठोका नेमका पडायचा असतो. मी दर वेळी आधीच पडतो. पन्नास वर्षं होत आली, मी दर वेळी आधीच पडतो.

मला तिचा राग आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला साधू समजायला नको.

दुष्काळाच्या वर्षी आम्ही सगळे रस्त्याच्या खडीवर होतो. मी, माझे बाबा, आमच्या वस्तीतली सगळी बौद्ध घरं, आणि ज्यांच्या शेतात आम्ही राबायचो ती घरंसुद्धा. दुष्काळानं सगळ्यांच्या हातात एकसारखी हातोडी दिली होती. बाया रांगेनं बसून दगड फोडायच्या. टोले कसेही पडायचे, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. एका दुपारी पाण्याचा डबा घेऊन जाताना माझे पाय थांबले. अख्खी रांग एका चालीत टोले मारत होती. रांगेच्या टोकाला हिरव्या ओढणीतली एक बाई होती. चाळिशीची, रुंद कपाळाची, ओढणीत न मावणाऱ्या बारीक कुरळ्या केसांची. आम्ही उन्हानं काळे झालो होतो. तिचा रंग उन्हाचा नव्हता, तो तिचा स्वतःचा होता. चार टोले मारून पाचव्याला ती हातोडी वर धरायची, मारायची नाही. त्या रिकाम्या जागेकडं सगळी रांग ओढली गेली होती.

मुकादम ओरडला, "ए बाई, काम करून राह्यली का भजन?"

"कामच कर रई साब," ती म्हणाली. "ऐसा करे तो हात कम दुखते."

तिचं नाव सकीनाबी. तिचे वडील निजामाच्या घोडदळात होते. त्यांच्याही मागची माणसं कधीकाळी आफ्रिकेतून जहाजानं आलेली. अशा लोकांना आमच्याकडं हबशी म्हणायचे. राज्य गेलं, घोडे गेले, आणि तिच्या घरात फक्त ताशा राहिला. तो नवरा वाजवायचा. नवरा गेल्यावर तिनं सरकी-कापसाच्या कारखान्यात दिवस काढले आणि एक दिवस ताशा स्वतःच्या गळ्यात अडकवला. नात्यातल्या लोकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. बाईनं रस्त्यावर ताशा वाजवायचा हे तोवर आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. एकटा धाकटा दीर याकूब ढोल घेऊन तिच्या मागं उभा राहिला. मग दुष्काळ आला आणि ताशाही खुंटीला लागला.

पुढच्या वर्षी पावसानं हात दिला. दोन वर्षं लांबलेली लग्नं एकदम निघाली. गावोगावी एकाच तिथीला चार चार मांडव. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि हप्त्यानं घेतलेला एक भोंगा सायकलवर बांधून फिरत होतो. मला खडीवरची ती रांग आठवली. कुंडलिकेच्या काठाला तिचं घर होतं, तिथं गेलो आणि म्हणालो, "आपा, तुम्ही वाजवा. काम मी आणतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लाएगा तो लाएगा. पन मेरी एक बात हाय. बोर्ड पे मेरा नाम."

मी हसलो. पत्र्याच्या बोर्डावर काय लिहायचं हे मी आधीच ठरवलं होतं. "आपा, नावाला कोण वळखतं? 'हबशी ताशा पार्टी' लिव्हलं की नुसतं बघायला गर्दी व्हती."

ती चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या सारत राहिली. मला ती शांतता सोसवेना. मी म्हणालो, "ही एक सराई जाऊ द्या. पुढच्या सराईला तुमचंच नाव. पक्कं."

म्हणजे मी आधी बोललो होतो. पण तेव्हा मला वाटलं, सौदा मीच जिंकला.

त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. जळत्या पऱ्हाट्यांचा, तापलेल्या चामड्याचा, गुलालाचा, आणि वाटेवरच्या मोसंबीच्या बागांचा. वाजवण्याआधी ताशा शेकावा लागतो, नाहीतर तो भदभद बोलतो. ती काड्यांचा छोटा जाळ करायची, त्यावर ताशा फिरवायची, कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारायची, परत फिरवायची. हे काम तिनं कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. तिच्याकडं दोन ताशे होते. एक तिचा. दुसरा नवऱ्याचा, तो माझ्या खोलीवर ठेवलेला असायचा. तो ती वाजवत नव्हती. पण दर शुक्रवारी येऊन शेकून जायची, चामडं मरू नये म्हणून.

वाजवायला लागली की तिची मान जराशी डावीकडं कलायची. काठ्या दिसायच्या बंद व्हायच्या, नुसती एक धुरकट रेघ दिसायची. समोरचे लोक आधी तिच्या रंगाकडं बघायचे, मग तिच्या रिकाम्या मनगटांकडं, मग एकमेकांकडं. मग ती उसंत यायची. एवढा मोठा आवाज एकदम नाहीसा व्हायचा आणि अख्खी वरात पुढं झुकायची. म्हातारे, पोरी, घोड्यावरचा नवरदेव, सगळे. मग ठोका पडायचा आणि लोक भानावर यायचे. त्यानंतर तिच्या रंगाकडं कुणी बघत नव्हतं. प्रत्येक गावात तिला हे पहिल्यापासून करावं लागायचं.

एका गावात नवरीच्या आजीनं दारातच अडवलं. "इधवा बाई वरातीच्या म्होरं? माझ्या नातीचं काय व्हईल?"

मी भडकलो. तिनं मला हातानं मागं सारलं आणि आजीला म्हणाली, "अम्मा, मौत मेरे घर में हुई. ताशे के घर में नहीं."

आजी तिच्याकडं बघत राहिली. मग बाजूला झाली. जाताना पुटपुटली, "वाजीव मंग. पन चांगलं वाजीव."

आणि पोरं. प्रत्येक गावात एखादं धीट पोर यायचं, तिच्या मनगटावर बोट घासायचं आणि मग बोट उलटं करून बघायचं, रंग लागला का. मला राग यायचा, मी हात उगारायचो. ती हसून मनगट पुढं करायची. "देखो, देखो. घिसके देखो. पक्का रंग हाय." पोरं पळायची. ती पुसल्यासारखा हात ओढणीला लावायची. तेवढं मी पाहून ठेवलं आहे.

बाबांना माझा हा धंदा आवडत नव्हता. ते स्वतः गावकीची हलगी वाजवायचे, आणि उत्तम वाजवायचे. धर्मांतर झालं त्या वर्षी त्यांनी हलगीचं चामडं काढून टाकलं, कड्याला जाळी ठोकली आणि तिची चाळणी केली. आमच्या घरात ज्वारी त्याच चाळणीनं चाळली जायची. मी सकीनाबीचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली. "तिला जेवायला कुठं बसवतेत?"

"वाजवणाऱ्यायची पंगत शेवटी असती बाबा. तुम्हाला ठाऊकच हाय."

"ठाऊक हाय म्हनूनच इचारलं. आपण वाजवणं सोडलं ते हातात कला नव्हती म्हनून न्हाई."

मोकळ्या दुपारी ती मला शिकवायची. बाबांकडून हाताला थोडी चाल आलेली होती, काठ्या मला लवकर जमल्या. जमली नाही ती उसंत. "आपा, किती थांबायचं?" मी विचारायचो. आकडा पाहिजे होता मला. ती म्हणायची, "गिनने का नहीं. सुननेवाला आगे झुके, तब तक."

"आणि न्हाई झुकला तर?"

"तो भी रुकना. तेरेकू जल्दी बहोत है अशोकभाई."

वाजवताना नाही, पण कामं ठरवताना मी ते वापरायला लागलो. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. लोक झुकायला लागले. मी दणादण सुपाऱ्या घेत होतो. काम पक्कं झाल्याची खूण म्हणून हातावर सुपारी ठेवतात, तशा माझ्या खिशात सुपाऱ्या खुळखुळायच्या.

मग वाटूरचा माणूस आला. नवरीचा मामा, बागायतदार, पांढरं धोतर. बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसून त्यानं तिथी सांगितली. त्या दिवशी तिची राजूरची सुपारी होती.

"न्हाई जमायचं मामा. राजूरला शब्द दिलाय."

"राजूरला जाती अन् वाटूरला येत न्हाई? आमचं गाव काय वंगाळ हाय का?"

"तसं न्हाई. तिथी एकच पडली."

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि शेजारच्यांकडं बघून हसला. "जाऊ द्या रे. ह्यायच्या लोकायनी वाजवणं सोडलं, अन् आता वाजवणारे बी ह्यायच्या हातात ऱ्हाईनात."

चार माणसं हसली. माझ्या कानशिलांत जाळ झाला. "येईल," मी म्हणालो. "वाटूरला येईल. माझा शब्द हाय." आणि त्याच्यापुढं हात पसरून सुपारी घेतली.

मी तिला सांगायला हवं होतं. राजूरवाल्यांना तिथी पुढंमागं करता येते का विचारायला हवं होतं. नाहीतर वाटूरला जाऊन, मामा, मी रागात बोलून गेलो, असं म्हणायला हवं होतं. हे तिसरं मला या जन्मात जमणारं नव्हतं, आणि पहिलं केलं असतं तर ती मला तिसरंच करायला सांगणार होती.

त्या दिवशी ती आणि याकूब सकाळच्या एसटीनं राजूरला गेले. मी खोलीचं दार लावून घेतलं, तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, एरंडेलात कालवली, आणि आरशात बघत तोंडाला, मानेला, हातांना लावली. मिशी आधीच उतरवली होती, एक बायकी सलवार-कुडताही आणून ठेवला होता, तो चढवला. तिची एक जुनी हिरवी ओढणी ताशाला गुंडाळलेली होती, ती डोक्यावरून घेतली. ती ओढणी सोडल्यावर हातात ताशा उरला. तिच्या नवऱ्याचा.

वाटूरला दिवस कलता कलता वरात निघाली. ढोलाला गावातलीच दोन माणसं होती, त्यांनी सकीनाबीला कधी पाहिलं नव्हतं. गुलाल एवढा उडत होता की हातभरावरचं दिसत नव्हतं. आवाजानं ओळख पटेल म्हणून मी तोंड उघडलं नाही. वाजवत राहिलो. चार बोल, आणि मग ती जागा आली. मी थांबलो. समोर शे-दोनशे माणसं होती, सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. मला धीर निघाला नाही. मी ठोका टाकून मोकळा झालो. कुणी झुकलं नव्हतं. झुकायला मी वेळच दिला नव्हता. आणि तरी लोकांनी फेटे उडवले, शिट्ट्या मारल्या. मामानं स्वतः येऊन माझ्या गळ्यात हार घातला. "मानलं बाई!" तो म्हणाला. "जसं ऐकलं व्हतं तसंच निघालं."

ज्यानं मला हिणवलं त्याला मी बनवलं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. तेवढ्यात एक लहान पोरगी गर्दीतून आली आणि तिनं माझ्या मनगटावर बोट घासलं. बोट उलटं करून बघितलं. ते काळं झालं होतं. तिनं ते बोट वर धरलं आणि माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. ती रडत आईकडं पळाली, आणि आई तिला म्हणाली, "भ्याली का गं बाई? रंग तसाच असतोय त्यायचा."

विहिरीवर राखेनं अंग घासून मी जालन्याला परतलो.

दुसरा दिवस शुक्रवार होता. राजूरहून उतरून ती आणि याकूब थेट माझ्या खोलीवर आले. तिनं अंगणात जाळ केला आणि नवऱ्याचा ताशा त्यावर धरला. याकूब हसत सांगत होता, "अशोकभाई, एसटी में एक आदमी मिला. बोला, कल वाटूर में आपाने क्या बजाया! हम बोले, बाबा, हम तो राजूर में थे. मानताच नहीं!"

चामडं तापलं आणि एरंडेलाचा वास सुटला. ताशा फिरवणारा तिचा हात थांबला. कडेला चार बोटांचे काळे ठसे होते. तिनं ते जवळ नेऊन बघितले, हुंगले. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या कानामागं राहिलं असावं थोडं, तिची नजर तिथं गेली.

तिनं ताशा खाली ठेवला. उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटावर घासलं, हळू, दोनदा. ते बोट उलटं करून माझ्यासमोर धरलं. स्वच्छ होतं.

आणि थांबली.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं तर! पण मी बोलत सुटलो. आपा, इज्जतीचा सवाल होता. आपा, तो मामा आमच्या लोकांना असं बोलला. आपा, लोक खूश झाले. आणि मग ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, जे मला मागं घेता आलं तर हे सगळं दुकान मी देऊन टाकीन: "आपा, कुणाला फरक कळलासुद्धा न्हाई."

तिनं ताशा ओढणीत गुंडाळला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून निघून गेली. याकूब मागं वळून वळून माझ्याकडं बघत होता.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते ज्वारी चाळत होते. चाळणी न थांबवता म्हणाले, "तिला इचारलं व्हतं का?" मी सांडलेले दाणे वेचू लागलो. "तुला त्यानं हिनवलं त्याचा राग आला. बरूबर हाय. मंग तू कुणाच्या अंगावर काढला?" एवढंच. ज्वारी खाली पडत राहिली.

उरलेल्या तीन सुपाऱ्या तिनं वाजवल्या. माझ्याशी बोलली नाही. शेवटच्या लग्नात मी मांडवाच्या खांबाआड उभा होतो. तिनं ती उसंत घेतली आणि मी इतका पुढं झुकलो की खांबावर कपाळ आपटलं. ठोका पडला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तसा ताशा मी पुन्हा ऐकला नाही. पावसाळ्याच्या तोंडाला कुंडलिकेकाठच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, हैदराबादला गेली. दोनदा मी हैदराबादला जाऊन आलो. एवढ्या मोठ्या शहरात मी ताशावाली हबशीण विचारत फिरलो. तेव्हाही नाव शेवटी सांगायचो.

म्हणून मला तिचा राग आहे. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. चारचौघांत कानाखाली ओढायला हवी होती. मी उलट बोललो असतो, ती बोलली असती, कुठंतरी येऊन तुटलं असतं. मला भांडता येतं. मी आयुष्यभर भांडूनच मिळवलं आहे. ती मात्र बोट समोर धरून थांबली आणि तशीच निघून गेली, आणि मी पन्नास वर्षं एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो आहे. माझ्या वयाची माणसं अजून म्हणतात, काय वाजवायची ती हबशीण! नाव कुणालाच आठवत नाही. आठवणार कसं? बोर्ड मी रंगवला होता.

यंदाच्या सराईच्या आधी मी तो पत्रा गोदामातून काढला. आता सगळे फ्लेक्स छापतात, पण एक म्हातारा पेंटर अजून ब्रश धरतो. जुनी अक्षरं खरवडून त्याच्याकडून नवी लिहून घेतली: सकीनाबी ताशा पार्टी, जालना. त्यानं मजुरी सांगितली. मी घासाघीस केली नाही, तेव्हा तो घाबरून माझ्याकडं बघायला लागला.

बोर्ड दुकानात माझ्या डोक्यावर लावला आहे. परवा एक नवरदेव आला, बरोबर त्याचा मामा. खुर्च्या ठरल्या, दिवे ठरले. मामानं वर बघितलं. "ही पार्टी बी तुमचीच का? चांगली वाजवती का?"

माझी बोटं टेबलाच्या कडेवर होती. मी काही बोललो नाही. मामा चुळबुळला, घसा खाकरला. त्याला वाटलं मी भावासाठी ताणतो आहे. "सांगा की काका," पोरगा म्हणाला आणि उत्तर ऐकायला जरासा पुढं झुकला.

बाहेरून वरात गेली, पाणी थरथरलं, आवाज लांब गेला. मी थांबलो होतो. पुढचा ठोका माझा नव्हता.